चुलीमागे एक हिस्सा

यंदा वैशाखात आमच्या टोलीच्या बोडीचं पाणी आटलं, मासे धरले आणि वाटणीच्या वेळी भांडण झालं. दोघा चुलतभावांनी एकमेकांच्या अंगावर चिखल फेकला. एकाचा ढीग लहान झाला होता म्हणे. मी बोडीच्या बांधावर बायांमध्ये उभी होते. म्हाताऱ्या बुधाजीनं काठी आपटली आणि म्हणाला, "कौतिका मेली, आनं या टोलीले वाटता येईना." मासे उन्हात तसेच पडून होते.

घरी आल्यावर मी मासे निवडायला बसले, पण माझ्या डोळ्यांपुढून कौतिकाबाई हलेना. तिच्याबद्दल टोलीत लोक बोलतात ते फक्त वाटणीचं बोलतात. मी तिच्या कुडाला लागून राहिले. मला बाकीचंही ठाऊक आहे.

आमची टोली अर्जुनी मोरगावच्या अलीकडे, मुख्य गावापासून सुटलेली. नऊ-दहा घरं, एक विहार आणि धानाला पाणी द्यायला वाडवडिलांनी खोदलेली ही लहानशी बोडी. बोडी साऱ्यांची, म्हणून मासेही साऱ्यांचे. पकडलेले सगळे मासे एका ताडपत्रीवर ओतायचे आणि कौतिकाबाईला हाक मारायची. ती उंच, काळी, हाडकुळी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून यायची आणि माशांकडे पाहायचीच नाही. आधी माणसांकडे पाहायची.

"चुली किती?"

साऱ्यांना माहीत असायच्या, तरी ती विचारायची आणि एकेका घराचं नाव घेऊन पळसाचं एकेक पान मांडायची. मोठ्या मरळी आधी, मग वाम, मग कोतऱ्या, शेवटी झिंगे. ढीग झाले की ती भोवती फिरायची, एकातला झिंगा उचलून दुसऱ्यात टाकायची. लोक हसायचे.

"अवं बाई, एका झिंग्यानं काय होते?"

"झिंग्यानंच होते. मरळ त आंधळ्यालेबी दिसते."

मग कोणीतरी ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. ती एका ढिगावर हात ठेवून विचारायची, "हा कोनाचा?" पाठ फिरवलेला माणूस एका घराचं नाव घ्यायचा. असं करत शेवटचा ढीग उरायचा तो तिचा. मी एकदा तिला विचारलं, तुम्ही शेवटीच काऊन घेता? ती म्हणाली, "मीनं ढीग घातले. कोनता चांगला ते मले मालूम राहते ना, पोरी."

मी लग्न होऊन आले ते नव्याण्णव साल. दोन महिन्यांतच सासूचं आणि माझ्या नवऱ्याचं वाजलं आणि आम्ही मागच्या खोलीत वेगळे झालो. तीन दगडांची चूल, भात शिजवायचा एक गंज, एक तवा. त्या वैशाखात बोडीचे मासे निघाले. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. त्या गावात मी तोवर कोणाशी धड बोललेही नव्हते. कौतिकाबाईनं चुली मोजल्या आणि एक पान जास्त मांडलं. माझे सासरे म्हणाले, "त्याईची कायची चूल? पोरगा आमचाच हाय. आमच्यात धरून घे."

"काल सांजच्याले मीनं धूर पाहिला," ती म्हणाली. "मागच्या खोलीतून निघून राहिला होता. तुमच्या घरातून अलग निघून राहिला होता."

"धूर पाहून हिस्सा देतेस का?"

"मंग काय तोंड पाहून देऊ?"

लोक हसले. सासरेही शेवटी हसले. माझ्या पानावर एक मध्यम मरळ, दोन वाम आणि ओंजळभर झिंगे आले. त्या संध्याकाळी मी माझ्या चुलीवर पहिल्यांदा मासे शिजवले. आपणही या टोलीत आहोत, असं मला तेव्हा वाटलं. म्हणून चुलीमागे एक हिस्सा हा तिचा नियम माझ्या मनात फार दिवस चांगलाच होता.

तिच्या कंबरेला नेहमी सुताच्या दोऱ्याचं एक गुंडाळं खोचलेलं असायचं. उकडलेलं अंडं ती दोऱ्यानं कापायची. चार नातवंडांना एक अंडं, आणि पिवळं चौघांनाही सारखं. भोपळा कापण्याआधी ती त्याच्यावरच्या रेषा मोजायची. नवरा गणबा अबोल माणूस, दिवसभर बिडी ओढायचा. तिनं त्याच्या बिडीचेसुद्धा दोन तुकडे केले, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. तो आम्हा बायांसमोर म्हणायचा, "ही माह्या मरनाचेबी दोन भाग करल. अर्धा या साली, अर्धा येत्या साली."

"करीन ना," ती म्हणायची. "एवढ्या लवकर अख्खा कोन जाऊ देते तुमाले?"

एकदा समोरच्या घरच्या दोघी जावा कुरड्या वाळवण्यावरून भांडल्या. अंगण एक, खाटा दोन, आणि शेजारच्या घराची सावली अर्ध्या अंगणावर. मोठी म्हणे उन्हाची जागा माझी, धाकटी म्हणे माझी. दोघी कौतिकाबाईकडे आल्या. तिनं जमिनीवर रेघ नाही ओढली. ती सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्या ओट्यावर बसून राहिली आणि सावली कशी सरकते ते पाहत बसली. मग सांगितलं, सावली पायरीला लागेपर्यंत जागा मोठीची, तिथून पुढे धाकटीची, आणि दुसऱ्या दिवशी उलट. दोघींना पटलं. पण एवढा वेळ बसून राहिल्यामुळे तिच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक सुनंदानंच केला. तेव्हा कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण तिथला स्वयंपाक रोज सुनंदाच करायची.

सुनंदा तिची मुलगी. दोन मुलांच्या मधली. आमगावकडे दिली होती. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तेव्हा ती परत आली ती माहेरीच राहिली. माझ्याहून थोडी मोठी. कमी बोलायची, म्हणून माझं तिच्याशी जमायचं. धानाच्या रोवण्याला ती सगळ्यांत पुढे. गणबाला लकवा झाला तेव्हा त्याला उठवणं, बसवणं, धुणं सारं तिनंच केलं. मुलं आणि सुना होत्या, नाही असं नाही. पण रात्री हाक आली की सुनंदाच उठायची.

माझी ज्योती चौथीत गेली तेव्हा तिला भागाकार घातले होते. मीही चौथीच शिकलेली, आणि भागाकार मला तेव्हाही येत नव्हता. ज्योती कौतिकाबाईच्या ओट्यावर पाटी घेऊन बसली. सुनंदा तिथंच तांदूळ निवडत होती.

"दहाचे तीन भाग करायचे," ज्योती म्हणाली. "तीन त्रिक नऊ. बाकी एक."

"बाकी म्हंजे?" कौतिकाबाईनं विचारलं.

"उरलेला एक. बाजूले लिहून ठेवाचा."

"आनं मंग त्याचं काय करता?"

"काही नाही करत आजी. तसाच राहते."

"तसाच कसा राहील? त्याचे तीन तुकडे करा ना वं." तिला खरोखरच राग आला होता. तिनं आतून भाकर आणली, दोऱ्यानं काठाभोवती माप घेतलं, दोऱ्याच्या तीन घड्या घातल्या आणि भाकरीचे तीन सारखे तुकडे केले. "दोन भाग कोनीबी करते. मधात हात मारला का झाले. तीन कराले डोस्कं लागते." एक तुकडा ज्योतीला दिला, एक मला, एक सुनंदाला.

"तुले?" सुनंदा म्हणाली.

"मी तुह्यातला खाईन."

दोघी हसल्या. सुनंदानं आपला तुकडा मोडून आईच्या हातात दिला. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. आता आठवलं की तसं वाटत नाही.

गणबा गेल्यानंतर वर्षभरात देवराम आणि रमेश, दोघा भावांचं पटेनासं झालं. देवराम थोरला. त्याची बायको वेगळी रांधायला लागली, मग वेगळं बसायला लागली, मग बोलेनाशी झाली. वाटणी करायचं ठरलं. बाहेरचा माणूस कशाला? कौतिकाबाई घरातच होती.

तिनं तयारी कशी केली ते मी पाहिलं. आदल्या दिवशी ती प्रत्येक बांदीत गेली आणि प्रत्येकीतलं एक ढेकूळ घेऊन आली. बांदी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. कोणती वरची, कोरडी. कोणती खालची, कालव्याचं पाणी आधी पिणारी. ढेकूळ हातात घेतलं की तिला कळायचं. सकाळी अंगणात बुधाजी आणि चार जाणते बसले. तिनं दोन पानं मांडली. ढेकळं ठेवली. वरच्या बांदीसोबत एक लहानगी बांदी जास्त, कारण तिथं पाणी उशिरा पोचतं. मोहाच्या झाडाची फांदी, बैलाच्या नावाचा दोर, गंज, परात, सारं काही दोन पानांवर. मग पुन्हा फिरली, एक ढेकूळ इकडून तिकडे ठेवलं, परत आणलं. देवराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हा कोनाचा?"

"रमेशचा."

झालं. दुसरं पान त्याचं. कोणालाही बोट ठेवायला जागा नव्हती. बुधाजी म्हणाला, "अशी वाटनी तालुक्यात कोनी करून दाखवा." कौतिकाबाईनं हात झटकले. तिच्या तोंडावर समाधान होतं. ते मी कुडापलीकडून पाहिलं.

तेवढ्यात सुनंदा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं दोन्ही पानांकडे पाहिलं. एरवी विचारावं तशा आवाजात विचारलं, "माय, माहा कोनता?"

एक-दोघं हसले. त्यांना थट्टा वाटली. कौतिकाबाई मात्र गोंधळली.

"तुही कोठी अलग चूल हाय, पोरी? तू त माह्याच ताटात."

"आनं तू कोनाच्या ताटात?"

कौतिकाबाईनं मुलांकडे पाहिलं. रमेश म्हणाला, "मायले मी पाहीन ना. तिचं काय एवढं?" सुनंदाचं नाव त्यानं घेतलं नाही. देवराम दोर गुंडाळत होता.

सुनंदानं ट्रे खाली आपटला नाही. एकेकाला चहा दिला, बुधाजीला आधी, आईला शेवटी. मग आत गेली. कोणी चहा प्यायला नाही असं लिहावंसं वाटतं, पण सगळ्यांनी प्यायला.

कौतिकाबाईनं तिला मुद्दाम टाकलं नव्हतं. मी तिला ओळखते. आयुष्यभर तिनं चुली मोजल्या होत्या, आणि सुनंदाची चूल तिला दिसली नाही, कारण सुनंदा तिच्या स्वतःच्याच चुलीपुढे बसलेली होती. तिनं मुलीला आपल्यात धरलं. तिच्या मनात ती सगळ्यांत जवळची जागा होती. पण त्या सकाळी तिनं सगळं दोन पानांवर ठेवून टाकलं आणि तिची स्वतःची चूलही उरली नाही, हे तिला कळलं नाही. एका ताटात दोघी, आणि ते ताट रमेशच्या बायकोच्या हातात.

पुढचं लवकर झालं. रमेशची बायको तांदूळ मोजून काढू लागली. "एका हिश्शात एवढी माणसं कशी पुरवू?" असं ती भिंतीला सांगायची, सुनंदाला ऐकू जाईल असं. मग भावांनी सुनंदाला अर्जुनीला नेऊन कागदावर सही घेतली, जमिनीत माझं काही नाही म्हणून. तिनं काही विचारलंही नाही. परत आल्यावर मी तिला म्हटलं, "काऊन दिली सही?" ती म्हणाली, "मायनं वाटलं हाय. मी कायले मोडू?" चार दिवसांनी ती पत्र्याची पेटी घेऊन गोंदियाच्या गाडीत बसली. कौतिकाबाई तेव्हा बांदीत होती. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले आणि सवयीनं आत हाक मारली, "सुनंदा, पानी दे वं." कोणी आलं नाही. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

त्यानंतर ती बदलली. आठ-पंधरा दिवसांनी तिनं दोन्ही मुलांना अंगणात बोलावलं. बुधाजीलाही. म्हणाली, "माहा हात चुकला. तीन करा लागत होते."

देवराम समजुतीनं बोलला, तेच वाईट होतं. "माय, साऱ्या टोलीत तुह्या वाटनीले आजवर कोनी बोट लावलं का? आता तूच म्हनशील चुकलं, त लोक सारं जुनं उकरून काढतीन."

"काढू दे ना."

"आनं सुनंदानं सही करून देल्ली हाय."

तिनं बुधाजीकडे पाहिलं. बुधाजी काठीकडे पाहत होता. तो म्हणाला, "तूनं हात ठेवला, पोरानं नाव घेतलं. झाली वाटनी, कौतिका." तिचाच नियम तिला ऐकवला.

पुढच्या वैशाखात हाक आली तेव्हा ती बोडीवर गेली नाही. लोक घरी बोलवायला आले. "माहे डोळे गेले," एवढंच तिनं सांगितलं. डोळे चांगले होते. दाण्यातला खडा ती लांबून ओळखायची.

मग तिनं रमेशच्या घरचं जेवण सोडलं. शेळ्यांच्या कोठ्याची एक बाजू सारवली, चूल घातली, दोन ताटल्या, दोन पेले मांडले. दुसऱ्यांच्या रोवण्याला मजुरीनं जाऊ लागली, त्या वयात. सुना लाजल्या, लोक हसले. माझं माहेर गोंदियाजवळच्या मुर्रीच्या बाजूचं आणि सुनंदानं मुर्रीतच खोली घेतली होती. मी माहेरी निघाले तेव्हा कौतिकाबाई कुडापाशी आली. "तिले सांगजो, माही चूल आता अलग हाय. धूर निघते म्हना." मी सांगितलं. सुनंदा राईस मिलमधून आलेली, केसांवर आणि भुवयांवर कोंड्याची पूड. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तिले लाकडं कोन आनून देते?" मी म्हटलं, स्वतःच आणते. "पाठ दुखत असल तिची," ती म्हणाली. मग तोंड धुवायला मोरीकडे वळली.

म्हणून हलक्या थंडीत, नवा धान निघाल्यावर, कौतिकाबाई स्वतः निघाली. एकटीला गोंदियाची भीती, म्हणून मला सोबत घेतलं. मी तरी कुठे धीट? दोघी गाडीत एकमेकींना चिकटून बसलो. तिच्या मांडीवर नव्या तांदळाचं गाठोडं होतं.

आम्ही गेलो तेव्हा सुनंदाचा भात चुलीवर, म्हणजे गॅसच्या शेगडीवर, नुकताच चढलेला होता. आम्हाला पाहून तिनं तो उतरवला आणि चहा ठेवला. खोली लहान, स्वच्छ. तिनं आईला खाटेवर बसवलं, मला पाट दिला.

"तांदूळ आनला," कौतिकाबाई म्हणाली. "कोनाच्या हिश्शातला नाही. मीनं कमावलेला हाय."

"ठेव ना माय." सुनंदानं तांदूळ डब्यात ओतला. फडकं झटकून, घडी घालून आईच्या हातात परत दिलं.

कौतिकाबाई फडकं धरून बसली. मग एकदम म्हणाली, "मीनं तुले माह्यात धरलं होतं व, पोरी. टाकलं नोहोतं."

"मले मालूम हाय."

"मंग?"

"तूनं धरलं माय. मोजलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी साऱ्याईची नावं घेतली. बैलाचंबी घेतलं."

कौतिकाबाईनं फडक्याची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "चल ना घरी. दोन ताटल्या मांडल्या हायेत."

"मिल हाय माही. अठी बरं हाय मले."

चहा झाला. कौतिकाबाई उठली आणि आपला कप विसळायला मोरीकडे निघाली. सुनंदानं तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "राहू दे. पाहुन्याईन कप नाही धुवाचा."

ती सहज बोलली असेल. पण कौतिकाबाई मोरीपाशी तशीच उभी राहिली. ओले होणार होते ते हात तिनं कोरडेच पदराला पुसले.

मिलची वेळ झाली होती. सुनंदानं कुलूप लावलं, आम्हाला रस्त्यापर्यंत आणलं, आईला दंडाला धरून ऑटोत चढवलं. "अम्मा, अंदर सरको," ऑटोवाला म्हणाला. कौतिकाबाई सरकेना. तिनं सुनंदाचं मनगट धरलं होतं. सुनंदानं थोडा वेळ धरू दिलं, मग म्हणाली, "उशीर होते माय," आणि मिलकडे भराभर चालत गेली.

गोंदिया स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. गाडी लागण्याची सूचना झाली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला.

"शीले, तिचा भात कच्चा होता का वं?"

मी म्हटलं, "हो. आपण आलो म्हणून उतरवला तिनं."

"म्हंजे उपाशीच गेली." ती उठून उभी राहिली. "एवढा वेळ मी आपलंच सांगत बसली. जेवली का म्हनून नाही विचारलं."

"पुढच्या वेळी विचारा," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. तिला पुढची वेळ मिळाली नाही. उन्हाळ्याच्या आत ती गेली. पण त्या दिवशी ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मी तिला ओढतच डब्यात चढवलं. आत जागा होती. मी खिडकीशी पदर टाकून तिच्यासाठी जागा धरली आणि हाका मारल्या. ती आली नाही. गाडी हलली, गोंदिया मागे पडलं, तरी ती दाराचा दांडा धरून उभीच होती, तोंड मुर्रीच्या बाजूला करून.